नेटवर्क प्रिंटर सकाळी छापतो, दुपारी ‘ऑफलाइन’ होतो. अडचण फक्त एकाच वर्कस्टेशनवर

नकाशेवाला यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या कामाच्या ठिकाणी एक ए३ आकाराचा लेझर प्रिंटर आहे. तो केबलने स्विचला जोडलेला असून चार संगणकांवरून त्यावर छपाई होते. त्यांपैकी तीन साधे डेस्कटॉप आहेत आणि त्यांची कधीच तक्रार नसते. चौथे माझे वर्कस्टेशन. विंडोज ११ असलेल्या या यंत्रावर मी आराखडे काढतो. सकाळी त्यावरून दोन-चार पाने व्यवस्थित निघतात आणि दुपारनंतर कधीतरी प्रिंटरच्या नावाखाली ‘ऑफलाइन’ असा शेरा येऊन बसतो. मग माझी कामे रांगेत साचत जातात आणि प्रिंटर मात्र त्याच वेळी शेजारच्या संगणकाची पाने निवांत काढत असतो.

प्रिंटर जोडताना मी सेटिंगमध्ये जाऊन ‘ॲड डिव्हाइस’ निवडले, यादीत प्रिंटरचे नाव आपोआप दिसले, त्यावर क्लिक केले आणि काम झाले. आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा आकडा) वगैरे कुठेच टाकावा लागला नाही. अडचण सुरू झाल्यापासून मी ड्रायव्हर (विंडोजला प्रिंटर वापरू देणारा प्रोग्राम) तीन वेळा काढून पुन्हा बसवला आहे. प्रत्येक वेळी त्यानंतर छपाई सुरू झाली आणि प्रत्येक वेळी ती त्याच दिवशी पुन्हा बंद पडली. त्यामुळे दोष ड्रायव्हरमध्येच आहे, असे माझे मत झाले आहे. वर्कस्टेशनसाठी वेगळा ड्रायव्हर घ्यावा लागतो का? की शेजारच्या डेस्कटॉपवरून प्रिंटर शेअर करून त्यामार्फत छापणे अधिक सोयीचे ठरेल?

शाईसंपली यांचे उत्तर

वर्कस्टेशनसाठी वेगळा ड्रायव्हर नसतो. आपल्या यंत्रात महागडे ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर मेमरी असली तरी छपाईच्या दृष्टीने ते विंडोज ११ चालवणारे एक साधे यंत्रच आहे. शेअर करण्याचा विचारही सोडून द्यावा. जो प्रिंटर स्वतःच नेटवर्कवर उभा आहे, त्याच्यापर्यंत दुसऱ्याच्या संगणकातून जायचे म्हणजे तो संगणक बंद असला की आपली छपाईही बंद. शिवाय २०२१ साली प्रिंट स्पूलरमध्ये (छपाईची कामे रांगेत लावणाऱ्या विंडोजच्या प्रोग्राममध्ये) गंभीर त्रुटी सापडल्यानंतर मायक्रोसॉफ्टने शेअर केलेल्या प्रिंटरचे नियम बरेच कडक केले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून अशा प्रिंटरचा ड्रायव्हर घेण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागू लागले. ती डोकेदुखी विकत घेण्याचे कारण नाही.

आपल्या वर्णनातील ‘नाव आपोआप दिसले’ हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. अशा पद्धतीने जोडलेल्या प्रिंटरला विंडोज बहुतेक वेळा ‘डब्ल्यूएसडी’ प्रकारचा पोर्ट, म्हणजे प्रिंटरकडे कामे पाठवण्याची वाट, देते. हा पोर्ट प्रिंटरला ठरावीक पत्त्यावर गाठत नाही. तो नेटवर्कवर हाक मारून प्रिंटरचा शोध घेतो आणि उत्तर आले नाही की प्रिंटर ऑफलाइन ठरवतो. घरगुती वापरासाठी ही सोय ठीक आहे, परंतु रोज काम करायच्या यंत्रावर मी ती कधीच ठेवत नाही.

आपण असे करावे. प्रथम प्रिंटरच्या पॅनलवरून त्याचे कॉन्फिगरेशनचे पान छापून घ्यावे. त्यावर आयपी पत्ता आणि मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) दोन्ही असतात. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, असे समजून आधी केबल आणि स्विच तपासावा. पत्ता योग्य असेल तर राउटरमध्ये जाऊन तो त्या मॅक पत्त्यासाठी राखून ठेवावा, म्हणजे प्रिंटर कितीही दिवस बंद राहिला तरी परत आल्यावर त्याला तोच पत्ता मिळेल. त्यानंतर वर्कस्टेशनवर प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ या पानावर ‘ॲड पोर्ट’ निवडून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ घ्यावा आणि तेथे तो पत्ता टाकावा. प्रोटोकॉल ‘रॉ’ आणि पोर्ट क्रमांक ९१०० हे बहुतेक लेझर प्रिंटरना चालते. ड्रायव्हर काढण्याची गरज नाही. रांग तीच राहते आणि तिची वाट तेवढी बदलते.

कोराकागद यांचे उत्तर

वरील सर्व गोष्टी योग्य आहेत. त्यात एक भर घालतो. टीसीपी/आयपी पोर्ट बनवल्यावर ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडून ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ या चौकटीतील खूण काढून टाकावी. विंडोज या मार्गाने प्रिंटरची विचारपूस करत असते आणि प्रिंटरने एसएनएमपीला उत्तर दिले नाही तर छपाई शक्य असतानाही त्याला ऑफलाइन ठरवते. माझ्याकडे दोन प्रिंटर केवळ या एका खुणेमुळे महिनाभर ‘ऑफलाइन’ होते.

पॅचपॅनेल यांचे उत्तर

पत्ता राउटरमध्ये राखून ठेवण्याऐवजी थेट प्रिंटरच्या पॅनलवर कायमचा लिहावा, असे माझे मत आहे. राउटर बदलला की राखीव पत्त्यांची यादीही जाते आणि तेव्हा ती कोणाच्या लक्षात नसते.

शाईसंपली यांचे उत्तर

पॅनलवर लिहिण्यास हरकत नाही. परंतु तो पत्ता राउटर ज्या पट्ट्यातून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा असला पाहिजे. अन्यथा एखाद्या दिवशी राउटर तोच पत्ता कोणाच्या तरी मोबाइलला देतो आणि मग एका पत्त्यावर दोघे दावा सांगतात. पॅनलवर पत्ता टाकणाऱ्यांपैकी फार थोडे लोक हा पट्टा पाहतात, म्हणून मी राखीव पत्त्याचा आग्रह धरतो.

नकाशेवाला यांचे उत्तर

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व केले. पोर्ट खरोखरच डब्ल्यूएसडी होता. प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.६० असून तो आता राउटरमध्ये राखून ठेवला आहे. टीसीपी/आयपी पोर्ट बनवला, एसएनएमपीची खूणही काढली. काल सकाळी चाचणीचे पान ताबडतोब आले आणि मला वाटले, प्रश्न मिटला.

दुपारी अडीचच्या सुमारास पुन्हा तेच झाले. फरक इतकाच की आता ‘ऑफलाइन’ हा शेरा येत नाही; काम रांगेत ‘प्रिंटिंग’ म्हणून उभे राहते आणि काही वेळाने त्यापुढे ‘एरर’ लागते. म्हणजे थर्मामीटर काढून ठेवला, ताप तसाच आहे.

विचित्र गोष्ट अशी की याच वेळी प्रिंटरच्या पत्त्याला पिंग केले (म्हणजे हाक मारून ओ येते का ते पाहिले) तर उत्तर येते. चार पाठवले, चार मिळाले, शून्य हरवले. इंटरनेटही उत्तम चालते. मग नेटवर्कमध्ये दोष कसा असेल? मी पुन्हा ड्रायव्हरवरच येऊन थांबतो.

तिसरीवायर यांचे उत्तर

पिंगच्या शेवटच्या बेरजेवर विश्वास ठेवू नये. कृपया वरच्या चार ओळी अक्षर न अक्षर वाचून येथे लिहाव्यात. विशेषतः उत्तर कोणत्या पत्त्यावरून आले आणि त्यापुढे काय लिहिले आहे, ते पाहावे. त्याचबरोबर आपल्या वर्कस्टेशनच्या मागे नेटवर्क केबलची एकूण किती छिद्रे आहेत आणि त्यांपैकी किती भरलेली आहेत, हेही सांगावे.

नकाशेवाला यांचे उत्तर

चारही ओळी सारख्याच आहेत. ‘रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.१०’ आणि त्यापुढे ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. आता लक्षात आले की यात ६० कुठेच नाही. हा १० कोण आहे, हे मला ठाऊक नाही.

केबलची छिद्रे दोन आहेत आणि दोन्ही भरलेली आहेत. एक केबल स्विचकडे जाते. दुसरी टेबलाखालच्या स्टोरेजच्या पेटीला थेट जोडलेली आहे. त्यात जुन्या प्रकल्पांच्या फाइली असतात. ती जोडणी यंत्र बसवणाऱ्याने करून दिली होती.

तिसरीवायर यांचे उत्तर

तो १० म्हणजे आपणच आहात. आपल्या दुसऱ्या नेटवर्क कार्डाचा पत्ता १९२.१६८.१.१० असणार. पिंगच्या त्या ओळीचा अर्थ असा की, ‘मी या कार्डावरून ६० क्रमांकाला हाका मारल्या, कोणीही ओ दिली नाही.’ ही कबुली आपल्याच यंत्राने दिलेली आहे. पण विंडोज तिलाही ‘उत्तर मिळाले’ म्हणून मोजते आणि खाली शून्य हरवले असे छापते. या बेरजेने मलाही एकदा पूर्ण दिवस फिरवले होते, म्हणून आता मी ती बेरीज पाहतच नाही.

आता मूळ दोष सांगतो. आपल्या यंत्राला दोन कार्डे आहेत आणि दोन्हींचे पत्ते १९२.१६८.१ याच मालिकेतील आहेत. एका कार्डाच्या पलीकडे स्विच, राउटर आणि प्रिंटर आहेत. दुसऱ्याच्या पलीकडे केवळ ती पेटी आहे. ६० क्रमांकाकडे काही पाठवायचे झाले की विंडोजला दोन्ही कार्डांवर ‘ही मालिका माझ्याच दारात आहे’ अशी पाटी दिसते. अशा वेळी ज्या मार्गाचा ‘मेट्रिक’ हा आकडा कमी, तो मार्ग विंडोज निवडते आणि हा आकडा आपोआप ठरत असेल तर वेगवान जोडणीला कमी आकडा मिळतो. वर्कस्टेशनमधील स्टोरेजसाठीचे कार्ड बहुधा १० गिगाबिटचे असते आणि स्विचकडचे १ गिगाबिटचे. त्यामुळे प्रिंटरसाठीची पाने टेबलाखालच्या पेटीकडे जातात आणि तेथे ती घेणारे कोणीच नसते.

इंटरनेट का चालते, हा आपला प्रश्न रास्त आहे. बाहेरच्या पत्त्यांसाठी गेटवेचा (बाहेर नेणाऱ्या राउटरचा) मार्ग वापरला जातो आणि तो फक्त पहिल्याच कार्डाला बांधलेला आहे. म्हणून बाहेरचे जग व्यवस्थित दिसते आणि शेजारच्या टेबलावरचे यंत्र दिसत नाही. माझा अंदाज बरोबर असेल तर छपाई अडलेली असताना ब्राउझरमध्ये राउटरचा १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकल्यास त्याचे पानही उघडणार नाही.

राहिला सकाळ-दुपारचा खेळ. ती पेटी दिवसभर चालू असते, की आपण ती लागेल तेव्हा सुरू करता? पेटी बंद असते तेव्हा त्या केबलवर जोडणी नसते, त्यामुळे त्या कार्डाचा मार्गही यादीतून निघून जातो आणि सर्व काही सुरळीत चालते.

पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या आज्ञेला प्रिंटरचा पत्ता आणि पोर्ट ९१०० देऊन पाहावे. पोर्ट उघडा आहे की नाही हे तर ती सांगतेच, शिवाय ‘इंटरफेस एलियास’ आणि ‘सोर्स ॲड्रेस’ या ओळींत कोणत्या कार्डावरून प्रयत्न झाला, तेही दाखवते. पेटी बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा, असे दोनदा करावे.

नकाशेवाला यांचे उत्तर

पेटी बंद असताना: ‘इथरनेट’, १९२.१६८.१.३४, चाचणी यशस्वी. पेटी चालू केल्यावर साधारण मिनिटभराने: ‘इथरनेट २’, १९२.१६८.१.१०, चाचणी अयशस्वी. राउटरचे पानही उघडले नाही.

ती पेटी मी जेवणानंतर चालू करतो, कारण तिचा पंखा आवाज करतो आणि सकाळी मला जुन्या फाइली लागत नाहीत. ड्रायव्हर पुन्हा बसवण्याआधी मात्र दर वेळी यंत्र आणि पेटी दोन्ही बंद करून सुरुवात करत असे. छपाई सुरू व्हायची ती पेटी बंद असल्यामुळे, आणि मी श्रेय ड्रायव्हरला देत बसलो.

आता यावर उपाय काय? दुसऱ्या कार्डाचे मेट्रिक हाताने वाढवले तर चालेल का?

तिसरीवायर यांचे उत्तर

मेट्रिक वाढवल्यास प्रिंटर चालेल, परंतु मग पेटीकडे जाणारे सर्व काही स्विचकडे जाऊ लागेल आणि फाइली उघडणार नाहीत. एकाच मालिकेत दोन वेगळ्या वाटा ठेवणे हीच मूळ चूक आहे, म्हणून पेटीची मालिकाच बदलावी.

क्रम सांभाळावा. पेटीवरील सर्व उघड्या फाइली बंद कराव्यात. नंतर पेटीच्या व्यवस्थापनाच्या पानावर जाऊन तिचा पत्ता १०.१०.१०.२ आणि सबनेट मास्क (पत्त्याचा कितवा भाग मालिकेचा, हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० असा करावा. ‘सेव्ह’ म्हणताक्षणी संपर्क तुटेल. ते अपेक्षितच आहे. मग वर्कस्टेशनवर ‘इथरनेट २’ला १०.१०.१०.१ हा पत्ता आणि तोच मास्क द्यावा. गेटवेची जागा रिकामी सोडावी. तेथे काहीही भरल्यास उद्या इंटरनेटची वेगळी तक्रार घेऊन यावे लागेल. उलट क्रमाने केले, म्हणजे आधी आपल्या कार्डाचा पत्ता बदलला, तर पेटीच्या पानापर्यंत पोहोचण्यासाठी पुन्हा जुना पत्ता द्यावा लागतो.

पेटीला दिलेले ड्राइव्हचे अक्षर जुन्या आकड्यावर बांधलेले असेल तर ते नव्याने जोडावे लागेल.

शाईसंपली यांचे उत्तर

मी पोर्टवर बोट ठेवले होते आणि दोष एक मजला खाली निघाला. तरीही डब्ल्यूएसडीकडे परत जाऊ नये. ठरलेला पत्ता असल्यामुळेच पिंग आणि पुढची चाचणी करता आली.

नकाशेवाला यांचे उत्तर

सांगितलेल्या क्रमाने बदल केले. ड्राइव्हचे अक्षर खरोखरच गेले होते. ते नव्या पत्त्याने जोडून घेतले. गेले चार दिवस पेटी सकाळपासून मुद्दाम चालू ठेवली आहे (पंख्यासह) आणि एकही काम अडकलेले नाही. तीन वेळा ड्रायव्हर बसवल्यामुळे तयार झालेल्या ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ नावांच्या रांगाही काढून टाकल्या.

एक काम मात्र जुन्या रांगेत ‘डिलीटिंग’ असे लिहून अडून बसले आहे आणि ते काही केल्या जात नाही. दुसरे म्हणजे, नंतर मी रांग पूर्णपणे नव्याने, पत्ता हाताने टाकून बनवली, तर तिच्यात दोन्ही बाजूंना छापण्याचा पर्याय नाही आणि ए३चा खालचा ट्रेही दिसत नाही. पूर्वी दोन्ही होते. तेवढ्यापुरते पुन्हा आपोआप जोडून घ्यावे का?

कोराकागद यांचे उत्तर

अडलेल्या कामासाठी ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवावा. मग विंडोजच्या फोल्डरातील सिस्टम३२, त्यातील स्पूल आणि त्यातील प्रिंटर्स हे फोल्डर उघडून आतील फाइली काढून टाकाव्यात. फोल्डर स्वतः काढू नये. त्यानंतर स्पूलर पुन्हा सुरू करावा. यात रांगेतील सर्वच कामे जातात, हे ध्यानात ठेवावे.

ट्रे आणि दुहेरी छपाईसाठी परत फिरण्याची गरज नाही. हाताने बनवलेल्या रांगेत प्रिंटरला कोणते जोड बसवलेले आहेत, हे ड्रायव्हरला दर वेळी समजतेच असे नाही, म्हणून तो सर्वांत साधे मॉडेल गृहीत धरतो. ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिव्हाइस सेटिंग्ज’ हे पान उघडावे. तेथे तळाशी बसवण्याजोग्या भागांची यादी असते. त्यात दुहेरी छपाईचा भाग आणि जादा ट्रे ‘इन्स्टॉल्ड’ करावेत. काही ड्रायव्हरमध्ये हीच माहिती प्रिंटरकडून आपोआप मागवण्याचे बटण असते, परंतु ते बऱ्याचदा एसएनएमपीवर चालते. प्रिंटरमध्ये एसएनएमपी बंद असेल तर बटण दाबून उपयोग होत नाही, हाताने निवड करावी.

याच पानावर कोणत्या ट्रेमध्ये कोणता कागद आहे, हेही लिहून ठेवावे. आराखडे छापणाऱ्यांच्या बाबतीत मी नेहमी पाहतो की सॉफ्टवेअर ए३ म्हणते, ट्रेची नोंद ए४ म्हणते आणि प्रिंटर पॅनलवर कागदाची मागणी लिहून कोणाची तरी वाट पाहत थांबतो. वर्कस्टेशनवर तेव्हा काहीच चुकलेले दिसत नाही.

पॅचपॅनेल यांचे उत्तर

आराखड्यांचा विषय निघालाच आहे तर विचारतो, आपण पीसीएल ६चा ड्रायव्हर वापरता की पोस्टस्क्रिप्टचा? (प्रिंटरला पान समजावून सांगण्याच्या या दोन भाषा आहेत.) प्रिंटर दोन्ही समजत असेल तर दाट रेषांच्या मोठ्या पानासाठी दोन्हींच्या रांगा करून एकच आराखडा दोन्हींतून काढून पाहावा. माझ्याकडे एका नकाशातील पारदर्शक रंगाचे पट्टे पीसीएलमध्ये काळे येत होते आणि पोस्टस्क्रिप्टमध्ये नीट उतरले. साधी पत्रे मात्र पीसीएलवर अधिक लवकर निघतात. दोन रांगा एकाच पोर्टवर ठेवता येतात, त्यासाठी दुसरा पोर्ट बनवू नये.

नकाशेवाला यांचे उत्तर

सध्या पीसीएल ६ आहे. स्पूलर थांबवून ते हट्टी काम घालवले, ‘डिव्हाइस सेटिंग्ज’मध्ये दोन्ही भाग चालू केले आणि खालच्या ट्रेपुढे ए३ लिहिले. त्यापूर्वी तेथे खरोखरच ए४ होते.

पोस्टस्क्रिप्टची दुसरी रांग आज त्याच पोर्टवर जोडली. दोन्ही रांगांची नावे जवळजवळ सारखी असल्यामुळे पहिलेच पान चुकीच्या रांगेतून गेले, म्हणून त्यांची नावे बदलून ‘पत्रे’ आणि ‘आराखडे’ अशी ठेवली. ‘विंडोजला माझा मुख्य प्रिंटर ठरवू द्यावा’ हा पर्यायही बंद केला, कारण तो शेवटचा वापरलेला प्रिंटर मुख्य धरतो आणि मी दिवसभर दोन्हींमध्ये ये-जा करत असतो.